दोन दाणे वर

वैजनाथ : म्हंजी मी नुसतं हुबं ऱ्हायाचं? तोंडाला कुलूप लावून?

जया : नुसतं उभं राहायचं. बोकडाचं दावं धरा वाटलं तर.

वैजनाथ : आन कानिफनाथ मला म्हनला, वैजनाथा, बोल काय घेनार, तर?

जया : तर माझ्याकडं बोट दाखवायचं.

वैजनाथ : त्यो पंचवीस वरसं माझ्यासंगं सौदा करतोय जया. एकदम पोरीकडं बोट दावलं तर त्याला वाटंल, वैजनाथाची वाचा गेली.

जया : वाटू दे. परवा आईसमोर काय म्हणालात आठवा. तुमचेच शब्द. 'जामखेडच्या बाजारात एक बोकड तू येकटीनं इक. पैसं तूच मोजून घे. एक बी नोट चुकू द्यायची न्हाई. मग आमी ऊसतोडीला गेल्यावर घरी ऱ्हा येकटी.' म्हणालात का नाही?

वैजनाथ : म्हनलो. पन त्याच्याफुडं बी म्हनलो व्हतो.

जया : चुकलीस तर नेवाशाला मामाकडं. तेही लक्षात आहे.

वैजनाथ : आगं, सोपानमामा काय वाईट हाय का? मामी काय उपाशी ठिवती का तुला?

जया : मामी सोन्यासारखी आहे. ताट वाढून हातात देते. झोप म्हणाली की झोपायचं, ऊठ म्हणाली की उठायचं. दर वर्षी सहा महिने आबा. आणि आपल्या शेळ्या शेजारी मनकर्णामावशीच्या दावणीला. मागच्या साली तिकडं मी एक बोकड नेलं होतं, मामानं विकून दिलं. नोटा मोजल्या आणि मला म्हणाला, एवढे आहेत बघ. मी काय बघणार? मी म्हणाले, हो. पैसे बरोबरच होते, मामा खोटा माणूस नाही. पण माझ्या बोकडाच्या पैशाला मी मामाच्या जिवावर हो म्हणाले. ते मला सहा महिने टोचत होतं.

वैजनाथ : हे तू कधी बोलली न्हाईस.

जया : तुम्ही फडात होता. फोनवर हे काय बोलायचं.

वैजनाथ : आला बग. कानिफनाथ आला. रुमाल खांद्यावर, पान तोंडात. आता इकडंच... मी काय म्हनतो जया, आजून येळ हाय. मी करतो सौदा, तू फकस्त नोटा...

जया : आबा, कुलूप.

कानिफनाथ : रामराम वैजनाथा! काय म्हनतोय फड? गाडी कवा निघतीय?

वैजनाथ : रामराम. गुरवारी.

कानिफनाथ : बोकड आनलंस व्हय ह्ये? बगू. उस्मानाबादी दिसतंय. तोंड उघड रं... दोन दाती, वरीस-दीड वरसाचं. कमरंत जरा हलकं हाय. बोल, काय घेनार?

वैजनाथ : ...

कानिफनाथ : आरं बोल की! दात दुखतोय का काय?

जया : काका, बोकड माझं आहे. सौदा माझ्याशी.

कानिफनाथ : तुझ्याशी? वैजनाथा, ही जया न्हवं का? डोळ्यानं अधू हाय ती?

जया : अधू नाही काका, आंधळी. सहाव्या वर्षी तापात गेले डोळे. ऐकू चांगलं येतं. आणि कमरेत हलकं नाही, तुम्ही दाबलंत तेव्हा ते हललंसुद्धा नाही. हलकं बोकड खाली बसतं.

कानिफनाथ : बोंबला! ही तर तुझ्या वरताण हाय वैजनाथा.

वैजनाथ : मीच शिकि...

जया : आबा.

वैजनाथ : ऱ्हायलं.

जया : टाका रुमाल काका.

कानिफनाथ : न्हाई न्हाई. रुमाल न्हाई टाकनार.

जया : का?

कानिफनाथ : आगं, रुमालाखाली हातात हात घालून भाव करतो आमी हेडी लोक, जनावरांचे दलाल, बोटं दाबून. तिसऱ्याला कळू नये म्हनून. बाईमानसाचा हात मी आजवर त्यात धरला न्हाई. बरं दिसतं का? लोक काय म्हनतील?

जया : बरं, मग उघड बोलू. कानिफनाथकाका, ह्या बोकडाचे तुम्ही किती देणार? मागच्या हप्त्याला असल्याच बोकडाचे त्या करंजीच्या माणसाला तुम्ही बारा...

कानिफनाथ : हळू बोल, हळू! पलीकडं सगळे बसल्यात कान लावून. आयला, बापानं काय खायला घालून वाढवलीय हिला? घे बाय, घे रुमाल. माझ्या लेकीवानी हायेस.

जया : आधी तेच म्हणायचं होतं.

कानिफनाथ : तुला बोटं कळत्यात का पन? आख्खं बोट म्हंजी हजार, पाची बोटं धरली की पाच हजार, आन पेर म्हंजी...

जया : पेर म्हणजे निम्मं, पाचशे. घरात आम्ही वांग्याचा भावसुद्धा असाच करतो. आईला राग येतो.

कानिफनाथ : हं. मग ह्ये घे.

जया : काका, बोकडाचं चाललंय. कोंबडीचं नाही.

वैजनाथ : किती म्हनला?

जया : आबा!

कानिफनाथ : बरं, ह्ये.

जया : आणि हे वरचं बोट?

कानिफनाथ : त्यो अंगठा हाय माझा. वातानं वाकडा झालाय.

जया : मग तो आत घ्या. मला वाटलं तुम्ही एक हजार वाढवला.

कानिफनाथ : आसं? बरं, सांग तू.

जया : हे. परत एकदा हे. आणि ही तीन.

कानिफनाथ : तीन! आगं ह्या भावात मी बोकड इकायचं का देव्हाऱ्यात बसवायचं?

जया : ते तुमचं तुम्ही बघा.

कानिफनाथ : ह्या शेवटच्या बोटातलं काय तरी सोड. बोहनी हाय माझी.

जया : पेरावर आणते. तुमच्या बोहणीसाठी. पेराच्या खाली नाही येणार.

कानिफनाथ : जा! दिलं! साडेबारा हजार. वैजनाथा, तुझ्या पोरीनं बोटं पिळून काढली माझी.

वैजनाथ : साडेबारा? मी आकरापतुर आलो आसतो.

जया : म्हणून म्हणाले, दावं धरा.

कानिफनाथ : हे धर वैजनाथा, पैसं.

वैजनाथ : माज्याकडं नगं. तिच्या हातात दे.

कानिफनाथ : आरं, पैशाचं काम हाय, चेष्टेचं न्हाई. नोटा तिला कशा कळायच्या? मोबाईल वाचतो म्हनं आता. फोटू काढला की बोलतो.

जया : वाचतो काका, माझ्या मोबाईलमध्ये आहे ते. पण भर बाजारात माझा मोबाईल 'पाचशे रुपये, पाचशे रुपये' असं ओरडत बसला तर चोराला आवतण देण्यासारखंच की. घरी ठीक आहे. इथं मी हे वापरते.

कानिफनाथ : ही तर चंची हाय. पान-तंबाखूची.

जया : शिवली चंचीसारखीच. पण आत कप्पा एकच, आणि त्यात औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घातलाय, ताठ राहायला. नोट उभी आत सोडायची. शंभराची आली तर कडेला काठोकाठ बसते. दोनशेची एक दाणा वर राहते. पाचशेची दोन दाणे वर.

कानिफनाथ : दाने कसलं?

जया : ज्वारीचे. बोटाला कळतात ना तेवढे. पन्नासची आत बुडते, तिच्याखालच्या तर हरवतातच.

कानिफनाथ : आन हे तुला कुनी सांगितलं, की नोटा अशा लहान-मोठ्या असत्यात? मी तीस वरसं नोटा मोजतोय, माझ्या कधी ध्यानात न्हाई आलं.

जया : तुम्हाला गरज नव्हती. नगरला आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. नोटांच्या कडेला तिरक्या रेघा असतात, उठावाच्या. शंभरला चार, पाचशेला पाच. माझ्यासारखी माणसं बँकेशी भांडली, कोर्टात गेली. आम्हालाही पैसे कळले पाहिजेत म्हणून.

कानिफनाथ : आंधळी मानसं कोर्टात गेली? नोटंसाठी?

जया : गेली काका. पण नव्या नोटेच्या रेघा लागतात, हातोहात फिरली की झिजून जातात. मग माप उरतं. आणि मापात फरक केवढा ठेवलाय, तर एका दाण्याचा! ज्यांनी केलं त्यांच्या घरी ज्वारी दळत नसतील बहुतेक.

वैजनाथ : तिनं सा म्हयने बसून शिवलंय त्ये. चार येळा उसवलं.

जया : आबा, तुम्ही बोलताय.

वैजनाथ : ह्ये सौद्यातलं न्हाई. ह्ये चंचीतलं हाय. चंचीवर बोलू नको आसं काय ठरलं न्हाई.

कानिफनाथ : घे मग माझे बाय. पाचशेच्या चोवीस, दोनशेच्या दोन, शंभराची एक. बस त्या पोत्यावर. मी हुबाच हाय.

(जया पोत्यावर बसते, एकेक नोट मांडीवर सरळ करून चंचीत सोडते, काढते.)

जया : ...नऊ. दहा. ही काय आहे?

कानिफनाथ : काय झालं?

जया : ही आत शिरतच नाही.

वैजनाथ : नीट घाल. घडी पडली आसंल.

जया : घडी नाही. नोटच रुंद आहे. उंचीलाही पाचशेपेक्षा मोठी. ही जुनी शंभराची आहे, आधीच्या मापातली. कप्पा मी नव्या नोटेच्या रुंदीचा केलाय, ही बसायचीच नाही त्यात.

कानिफनाथ : आगं तिच्या!

जया : नुसत्या लांबीवर गेले असते तर फसले असते. जुनं शंभर नव्या पाचशेपेक्षा लांब. काका, तुमची चूक झाली का?

कानिफनाथ : मी... आता काय सांगू. वैजनाथा, बोल की रं आता! आता बोल!

जया : थांबा. वास बघू. डांबरगोळी. ही आईच्या पेटीतली नोट आहे. लग्नातल्या आहेराची, ती मोडायची नाही म्हणून ठेवलीय. आबा!

वैजनाथ : मी काय म्हनतो जया, ऐक तर.

जया : तुम्ही मला फसवायला आईची पेटी उघडली?

वैजनाथ : फसवायला न्हाई गं. परीक्षा म्हनून. सकाळी चहाच्या टपरीवर ह्याला दिली, म्हनलं पाचशेच्या गड्ड्यात मधी सार. मला वाटलं, मोठी नोट हाय, तिला पाचशेच वाटंल.

कानिफनाथ : मी नगं म्हनत हुतो पोरी, गळ्याशपथ. म्हनलं, हात दाखवून अवलक्षन कशाला. पन हा रडकुंडीला आलता, म्हनून मगाशी काय ठावं न्हाई आसं दावलं.

जया : आणि मी चुकले असते तर?

वैजनाथ : तर मामाकडं सोडलं आसतं. आगं, मी तिकडं फडात कोयता मारनार, आन हितं तुला कुनी शंभर देऊन पाचशे म्हनलं तर? मला झोप लागंल का? तुझ्या आईला लागंल का? मला आधीच बगायचं हुतं. माझ्या डोळ्यादेखत फसलीस तर बरं, आसं वाटलं.

जया : मग बघितलंत?

वैजनाथ : बगितलं.

जया : आईला मी काही सांगणार नाही. पण ती नोट तुम्हीच पेटीत परत ठेवायची. होती तशी. काका, माझे पाचशे.

कानिफनाथ : हे घे. तुझं खरं पाचशे खिशात येगळं ठिवलं हुतं. तुझ्या बापाचं शंभर दे हिकडं, त्याला देतो.

जया : अकरा. बारा. तेरा...

कानिफनाथ : बग की, कशी चाललीय. बँकेतली बाई बी एवढ्या गुमान मोजत न्हाई.

वैजनाथ : ल्हानपनी बी आशीच हुती. शेळ्या घरी आल्या की पाठीवरनं हात फिरवून सांगायची, आबा, काळी राह्यली मागं. मी मोजून बगायचो, तर खरंच राह्यलेली असायची.

जया : ...बावीस. तेवीस. ...ही नको.

कानिफनाथ : आता कुठली? आता माझ्याकडनं काय बी न्हाई हां! ईमानानं सांगतो, माझ्या खिशातनं निघालेली सरळ नोट हाय.

जया : असेल काका. पण मापाला ही एकच दाणा वर राहते. म्हणजे दोनशे. आणि ह्या कडेला रेघा लागतात त्या पाच. म्हणजे पाचशे. पलीकडच्या कडेला काहीच लागत नाही, गुळगुळीत. एक नोट दोन्ही असत नाही.

कानिफनाथ : बगू. पाचशेचीच हाय की! खरी हाय. हं, एक कड जराशी बारीक झालीय. कुनी तरी कातरीनं सारखी केलीय, फाटली आसंल म्हनून.

वैजनाथ : पाचशेचीच हाय जया. मी बगतोय. घे.

जया : मी घेणार नाही.

वैजनाथ : आगं, मी सांगतोय ना! माझ्या डोळ्यांनी दिसतंय मला!

जया : दिसत असेल आबा. गुरुवारनंतर सहा महिने ते डोळे माझ्याजवळ असणार आहेत का?

कानिफनाथ : पोरी, एक ध्यानात घे. तीस वरसं ह्या बाजारात उठबस हाय माझी. कानिफनाथाची नोट आजवर कुनी परत केली न्हाई. तूही करू नगंस. च्यार मानसं बगत्यात.

जया : तुमची नाही करत काका. नोटेची करतेय. तुम्हाला कुणी मधूनच फाटलेली, नंबर गेलेली नोट दिली तर घेता का?

कानिफनाथ : न्हाई घेत.

जया : का? खरी असते ना?

कानिफनाथ : खरी आसली तरी फुडं चालत न्हाई. मला काय करायची?

जया : तसंच आहे माझं. जी मला बोटांनी वाचता येत नाही, ती माझ्या हातात फाटकीच. मी ती घेतली तर उद्या पेंडवाल्याला देताना मला सांगता यायचं नाही की कितीची देतेय. मग तो सांगेल ते खरं.

वैजनाथ : म्हंजी... चुकलीच की पन. पाचशेची व्हती आन तू वळखली न्हाईस. एक बी नोट चुकायची न्हाई आसं ठरलं व्हतं जया. मी काय करू आता? मला बी नगं वाटतंय पन...

जया : मी दोनशे म्हणाले का?

वैजनाथ : न्हाई.

जया : पाचशे म्हणाले का?

वैजनाथ : न्हाई.

जया : मग चुकले कुठं? मी नको म्हणाले. चुकणं वेगळं आणि नको म्हणणं वेगळं. आजपर्यंत मला नको म्हणताच येत नव्हतं आबा. जे हातात ठेवतील त्याला हो म्हणायचं, एवढंच येत होतं. ह्या चंचीनं मला नको म्हणायला शिकवलं. ते तुम्ही चुकीत धरणार असाल तर धरा. मी मामाकडं जाईन. पण ही नोट घेणार नाही.

वैजनाथ : कानिफा, तू तरी सांग काय तरी. तुझी नोट हाय.

कानिफनाथ : काय सांगू? आता खोटं बोललो तर तोंडातलं पान कडू व्हईल. आरं, सकाळी चहावाल्यानं न्हाई घेतली ही. काल पंपावर बी परत आली. कड कापल्याली नोट, दोन डोळ्यांची मानसं घेत न्हाईत. मी म्हनलं, हितं खपंल.

जया : काका!

कानिफनाथ : मुद्दाम न्हाई गं घातली! खिशात हुती, गड्ड्यात गेली. पन हाताला लागली तवा मी बाजूला बी काढली न्हाई, ह्ये खरं. म्हनलं, हिला काय कळतंय. आता लाज वाटतीय मला. घे, ही दुसरी घे. बग, चांगली कोरी हाय.

जया : दोन दाणे. रेघा पाच, दोन्हीकडं. चोवीस. आता दोनशे... एक दाणा, एक दाणा. आणि शंभर काठोकाठ. साडेबारा हजार. पोचले काका.

कानिफनाथ : पोचलं! वैजनाथा, आसा हेडी मी जल्मात बगितला न्हाई. आरं, तोंड काय पाडून हुबा हायेस? पोरगी जितली की तुझी!

वैजनाथ : तोंड न्हाई पाडलं. मला बोलता येईना झालंय.

जया : आता बोलायला परवानगी आहे आबा.

वैजनाथ : आता परवानगी देतीस व्हय? ...कानिफा, हिचं डोळं गेलं तवा हिची आई रडायची, आन मी म्हनायचो, हिचं कसं व्हनार. वीस वरसं त्येच म्हनतोय. उठता-बसता त्येच. फडात ऊस तोडताना बी त्येच. आज हिनं तुझी नोट परत केली ना, तवा मला आधी भ्या वाटलं. मग मनात आलं, आयला, मला न्हाई जमलं कधी. मुकादमानं दिलेली फाटकी नोट मी किती येळा घेतली असंल! तोंडातनं 'नगं' निघालं न्हाई कधी. माझ्या पोरीला निघालं. मला लई बरं वाटतंय. लई म्हंजी लई.

जया : आबा, रडू नका, लोक बघतायत.

वैजनाथ : बगू दे. सगळ्या बाजाराला बगू दे. ही माझी पोरगी हाय!

कानिफनाथ : पोरी, एक इचारू का? ही चंची अजून एक शिवशील?

जया : कुणाला?

कानिफनाथ : माझ्या आईला. छबूबाईला. काचबिंदूनं दोन वरसं झाली, काय दिसत न्हाई. पेन्शनचं पैसं आलं की म्हनती, कानिफा, ही कितीची रं? मी सांगतो. पन मी दिवसभर बाजार हिंडतो. सुनंला इचारत न्हाई, पोरांना इचारत न्हाई. तशीच नोट मुठीत धरून बसून ऱ्हाती. परवा मी घरी गेलो, तर मुठीत घामानं भिजल्याली वीसची नोट. सकाळधरनं तिला काय तरी घ्यायचं हुतं म्हनं, पन किती रुपयं हायेत ते ठावं न्हवतं, म्हनून गेलीच न्हाई दुकानात.

जया : वीसची ह्या चंचीत आत हरवते. आजीसाठी खालच्या नोटांचा वेगळा कप्पा करावा लागेल. दहा, वीस, पन्नास.

कानिफनाथ : पन तिला त्या रेघा-बिघा न्हाई कळायच्या आता.

जया : दाणे कळतील ना? जन्मभर ज्वारी निवडली असेल.

कानिफनाथ : डोळं झाकून निवडायची.

जया : मग झालं. पुढच्या बाजारी आजीलाच घेऊन या. शिवून ठेवते. कसं वापरायचं ते मी तिला शिकवीन, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

कानिफनाथ : आन काय घेशील?

जया : शंभर.

कानिफनाथ : आगं, म्हातारीसाठी...

जया : काका, तुम्ही बोकड फुकट नेताय का?

कानिफनाथ : न्हाई गं बाय, शंभर तर शंभर. रुमालाखाली गेलो तर दीडशे करशील. चल रं बोकडा. येतो वैजनाथा. फडातनं सुखरूप या.

वैजनाथ : ये. आन त्ये कापल्यालं पाचशे बँकेत नेऊन दे, कुनाला खपवू नगं!

जया : बघा, आता कसं तोंड सुटलंय.

वैजनाथ : थांब, फोन लावू दे आदी. ...हालो, सोपान? व्हय, मी वैजनाथ. बाजारात हाय. ...आरं ऐक, जया न्हाई येत यंदा. ...न्हाई न्हाई, आजारी कशाला पडंल? घरीच ऱ्हातीय. ...येकटी. मनकर्णाबाई झोपायला येनार हाय सोबतीला. ...आरं कसं व्हनार म्हंजी? बोकड इकलं तिनं, साडेबारा हजाराला. कानिफनाथाला! ...व्हय, त्याच कानिफनाथाला. आन त्याची एक नोट परत केली. ...आरं तिनंच! मी दावं धरून हुबा हुतो. ...ठिव आता, मामीला सांग. सगळ्यांना सांग.

जया : सगळ्या नेवाशाला कशाला?

वैजनाथ : मग? फुकट हुबा ऱ्हायलो व्हय एवढा येळ?

जया : आबा, हे घ्या.

वैजनाथ : हे काय?

जया : तीन हजार. आईला पायात बूट घ्या. थंडीत पहाटे उसाच्या पाचटात ती चपलेवर उभी राहते, मला माहीत आहे. तुम्हाला एक घोंगडी. आणि उरलं तर वाटेत खा काही तरी, उपाशी जाऊ नका.

वैजनाथ : तुझं पैसं हायेत ते जया. पेंड घ्यायचीय, शेळ्यांचं औषध.

जया : ते काढून ठेवलंय बाजूला. माझेच आहेत म्हणून देतेय. मोजून घ्या.

वैजनाथ : तू मोजलंस न्हवं?

जया : मोजले.

वैजनाथ : मग झालं की. चल.